२४ रुपयांची चादर

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, नवी ओळ घालण्याबद्दल आहेत. सोपी वाटणारी गोष्ट, पण गेली बावीस वर्षं सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांचे आणि काही पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळताना मला सर्वांत जास्त घोळ इथेच सापडले आहेत. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देते. मासिकात छापायचं म्हणून आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या.

ताई, साखर पेठेत आमचं चादरीचं होलसेल दुकान आहे. साठ्यासाठी मी स्वतः मायएसक्यूएल या डेटाबेसवर प्रोग्रॅम केला. परवा वडिलांनी गिऱ्हाइकाला द्यायचं बिल हातात घेतलं आणि मला हाक मारली, "चादर चोवीस रुपयाला? एवढ्यात टॉवेल तरी येतो का?" बघतो तर ११ दिवसांच्या सगळ्या एंट्र्या चुकलेल्या. गोदामात २४ नग, कॉम्प्युटरवर ७. एकदाही एरर आली नाही. टेबलाची जुनी आणि नवी रचना सोबत पाठवतो. काय चुकलं, आणि हे आता दुरुस्त कसं करू? (एक वाचक, साखर पेठ)

तुम्ही दोन्ही रचना पाठवल्यात म्हणून नेमकं बोलता येतं. जुन्या 'माल' टेबलात सहा रकाने होते: माल_क्रमांक, लांबी, रुंदी, शेड (रंगछटेचा नंबर), नग, दर. एका गाठीत दोन-तीन शेड येतात, म्हणून तुम्ही शेडचं 'माल_शेड' हे वेगळं टेबल केलंत आणि 'शेड' हा रकाना काढलात. निर्णय अगदी बरोबर. त्याच दिवशी ट्रान्सपोर्टवाला वजन विचारतो म्हणून 'वजन' रकाना वाढवलात. नवा रकाना कुठे घालायचा हे सांगितलं नाही, तर तो सगळ्यांत शेवटी बसतो. आता क्रम असा झाला: माल_क्रमांक, लांबी, रुंदी, नग, दर, वजन. पुन्हा सहाच.

दुकानातला प्रोग्रॅम तुम्ही बदललात. गोदामातल्या कॉम्प्युटरवर जुनाच राहिला, आणि त्यात टेबलात नवी ओळ घालणारी ही आज्ञा आहे:

इन्सर्ट इन्टू माल व्हॅल्यूज (४१२, ९०, ६०, ७, २४, ३४०);

रकान्यांची नावं नाहीत. अशा वेळी डेटाबेस पहिली किंमत पहिल्या रकान्यात, दुसरी दुसऱ्यात अशी ओळीने भरत जातो. ४१२ नंबरचा माल, ९० इंच लांब, ६० इंच रुंद, इथपर्यंत ठीक. मग शेड नंबर ७ जाऊन बसला नगांत. २४ नग गेले दरात. ३४० रुपये दर गेला वजनात. सहा रकाने, सहा किंमती, सगळे आकडेच; डेटाबेसला अडवायला कारणच उरलं नाही. एक रकाना नुसता वाढवला असता, तर संख्या जुळत नाही म्हणून त्याने पहिल्याच एंट्रीला नकार दिला असता आणि तुम्हाला त्याच मिनिटाला कळलं असतं. एक काढला आणि एक घातला, म्हणून गप्प राहिला. शिवाय तुमचे शेड नंबर १ ते १२. नगांच्या रकान्यात ७ किंवा ११ दिसलं तर दिवाणजींना तरी संशय का यावा?

हीच एंट्री अशी लिहिली असती तर?

इन्सर्ट इन्टू माल (माल_क्रमांक, लांबी, रुंदी, शेड, नग, दर) व्हॅल्यूज (४१२, ९०, ६०, ७, २४, ३४०);

'शेड' नावाचा रकाना टेबलात नाही, असं सांगून डेटाबेसने ती जागच्या जागी परत फिरवली असती. गोदामातल्या माणसाचा फोन आला असता, तुम्ही पाच मिनिटांत प्रोग्रॅम बदलला असता. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की इन्सर्टमध्ये रकान्यांची नावं लिहायचीच, अगदी दोन रकान्यांचं टेबल असलं तरी. लिहायला दहा सेकंद जास्त लागतात, ती लागू द्यात.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेससाठी टेबलांवर आधारलेलं रिलेशनल मॉडेल मांडलं, त्या निबंधातच हा मुद्दा आहे: वापरणाऱ्यावर रकान्यांचा क्रम लक्षात ठेवायचं ओझं पडू नये, त्याने नावाने काम करावं. पुढे डेटाबेसला आज्ञा देण्याची एसक्यूएल भाषा आली तिने मात्र क्रम ठेवला आणि नावं न लिहिण्याची सवलतही ठेवली. त्या सवलतीचा फटका तुम्हाला बसलाय.

आता दुरुस्ती. ४१२ ते ४४९ अशा ३८ ओळी चुकल्या आहेत, आणि त्या काळात दुकानातून नव्या मालाची एकही एंट्री झालेली नाही असं तुम्ही लिहिलंय. हे फार बरं झालं. चुकलेल्या आणि बरोबर ओळी एकमेकींत मिसळल्या असत्या तर वेचत बसावं लागलं असतं. आधी गोदामातला जुना प्रोग्रॅम बंद करा. मग पूर्ण डेटाबेसचा बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का ते बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

त्यानंतर पहिलं काम म्हणजे शेड वाचवणं. ते आत्ता नगांच्या रकान्यात आहेत आणि तिथे खरे नग लिहिले की कायमचे पुसले जातील. ३८ शेड हाताने लिहायची गरज नाही. एका टेबलातून उचलून दुसऱ्यात ओळी घालता येतात:

इन्सर्ट इन्टू माल_शेड (माल_क्रमांक, शेड) सिलेक्ट माल_क्रमांक, नग फ्रॉम माल व्हेअर माल_क्रमांक बिट्वीन ४१२ अँड ४४९;

इथे व्हॅल्यूज नाही, त्याच्या जागी सिलेक्ट आलंय. जेवढ्या ओळी सिलेक्टमधून निघतील तेवढ्या नव्या टेबलात जातील. पण एक सांभाळा. या ३८ पैकी ज्या मालाची मधल्या काळात विक्री झाली, तिथे तुमच्या प्रोग्रॅमने नग वजा केले असणार, म्हणजे शेड नंबरातून वजाबाकी झाली. तिथला ७ आता ५ झाला असेल. त्या ओळी गोदामातल्या चिठ्ठ्या समोर ठेवून हातानेच करा, आणि नग पुन्हा मोजा.

मग स्टार्ट ट्रान्झॅक्शन म्हणा, म्हणजे पुढचे बदल कमिट म्हणेपर्यंत पक्के होणार नाहीत आणि रोलबॅक म्हटलं तर मागे घेता येतील, आणि त्याच ३८ ओळींवर अपडेट चालवा: सेट नग = दर, दर = वजन, वजन = नल (म्हणजे रिकामं). याच क्रमाने. मायएसक्यूएल या नेमणुका डावीकडून उजवीकडे एकामागून एक करतो. 'दर = वजन' आधी लिहिलंत तर दर ३४० होईल आणि लगेच नगही ३४० होतील. 'बदललेल्या ओळी ३८' असा निरोप आला, चार-पाच ओळी चिठ्ठ्यांशी ताडून पाहिल्या, की मगच कमिट. आकडा ३८ सोडून दुसरा आला तर रोलबॅक करा आणि व्हेअरची अट तपासा. कमिट झाल्यावर हीच आज्ञा चुकून पुन्हा चालवली तर सगळं पुन्हा एक घर सरकेल, म्हणून ती कुठल्या फायलीत जपून ठेवू नका.

शेवटी टेबलालाच नकार द्यायला शिकवा. दरावर अट घाला: चेक (दर >= १००). तुमच्या दुकानात १०० रुपयांच्या आत चादर नाही. मग २४ हा दर टेबलाने स्वीकारताच कामा नये. मात्र तुमचं मायएसक्यूएल कोणतं आहे ते बघा. २०१९ मध्ये आलेल्या ८.०.१६ या आवृत्तीपासूनच चेक खरोखर पाळला जातो. त्याआधीची मायएसक्यूएल ही अट निमूट ऐकून घेतात आणि सोडून देतात.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बिल वाचून पाहिलं म्हणून हे ११ दिवसांवर थांबलं.

मॅडम, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बिलं करते. बिलाचा नंबर कॉम्प्युटर आपोआप देतो. २०४१ नंतर एकदम २०४३ आला. २०४२ कुठेच नाही. सीए विचारतात की बिल फाडलं का. मी काहीच केलेलं नाही. (एक वाचक, सोलापूर)

तुम्ही खरंच काही केलेलं नाही, आणि हे उत्तर सीएंना दाखवायला हरकत नाही.

आपोआप वाढणारा नंबर, ज्याला ऑटो इन्क्रिमेंट म्हणतात, तो दवाखान्यातल्या टोकनसारखा असतो. बेचाळीस नंबरचं टोकन घेऊन एखादा कंटाळून घरी गेला, तर पुढच्याला त्रेचाळीसच मिळतं. डेटाबेस नवी ओळ घालायला लागतो तेव्हा नंबर आधी देतो. नंतर गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर चुकीचा निघाला आणि एंट्री रद्द झाली, की ओळ राहत नाही आणि नंबरही परत येत नाही. मुद्दाम तसं केलंय. एकाची एंट्री पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला नंबरच द्यायचा नाही असं ठरवलं, तर चार टेबलांवरची चार माणसं एकमेकांची वाट बघत बसतील.

म्हणजे ऑटो इन्क्रिमेंट ही ओळीची ओळख आहे, प्रत्येकीची वेगळी असते एवढीच तिची हमी. ती सलग असेल असं कुणीच म्हटलेलं नाही. आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग हवा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा. ज्याने प्रोग्रॅम केला त्याने ही दोन वेगळी कामं एकाच रकान्याला दिली.

त्याला सांगा, बिल नंबरासाठी एक छोटं टेबल कर: आर्थिक वर्ष आणि शेवटचा नंबर. बिल घालताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ 'फॉर अपडेट' लावून वाचायची, म्हणजे तेवढ्या वेळापुरती ती तुमच्या ताब्यात राहते. एक मिळवायचा, बिलाची ओळ घालायची, कमिट करायचं. मध्ये काही बिघडलं तर नंबरही मागे येतो. 'आत्तापर्यंतचा सर्वांत मोठा नंबर अधिक एक' हा शॉर्टकट त्याला करू देऊ नका. दोन कॉम्प्युटरनी एकाच क्षणी २०४१ वाचला की दोन्हीकडे २०४२ निघतो. बिल नंबर आणि वर्ष या जोडीवर युनिकची, म्हणजे पुन्हा न येण्याची, अटही हवीच. आणि छापून झालेलं बिल रद्द करायचं असेल तर ओळ कधीही डिलीट करू नका. 'रद्द' अशी खूण करा, कारण रद्द झालेल्या बिलांचा हिशोब जीएसटीआर-१ या विवरणपत्रात द्यावा लागतो.

सभासदांची यादी दर महिन्याला एक्सेलमधून येते. काही नवे असतात, काही जुन्यांचे पत्ते बदललेले. आधीच असलेला सभासद पुन्हा घातला की 'डुप्लिकेट एंट्री' म्हणून सगळं थांबतं. इंटरनेटवर 'रिप्लेस' ही आज्ञा वापरा असं वाचलं. वापरू का? (एक वाचक, होटगी रोड)

नका वापरू. याचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. साठेक सभासदांचे पत्ते बदलायचे होते आणि मी रिप्लेस चालवलं. पत्ते छान बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडल्यावर एक आजोबा पासबुक घेऊन आले. पासबुकात दोन वर्षांचे हप्ते, कॅशियरने भरलेले, सहीनिशी. आणि आमच्या स्क्रीनवर शून्य. आजोबा काही बोलले नाहीत. पासबुक छातीशी धरून उभे राहिले. ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

झालं होतं ते असं. रिप्लेस हे नाव ऐकून वाटतं की ओळ आहे तिथेच बदलते. प्रत्यक्षात मायएसक्यूएल आधी जुनी ओळ डिलीट करतो आणि मग नवी घालतो. हप्त्यांचं टेबल सभासदांच्या टेबलाला फॉरेन कीने जोडलेलं होतं, 'ऑन डिलीट कॅस्केड' लावून. सभासदाची ओळ एका क्षणापुरती गेली आणि तिच्यामागून त्याचे सगळे हप्ते गेले. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून ते परत आणता आले. त्यानंतरच्या पावत्या आम्ही एकेक करून पुन्हा भरल्या.

तुम्हाला हवंय ते 'इन्सर्ट… ऑन डुप्लिकेट की अपडेट'. सभासद नसेल तर नवी ओळ, असेल तर तीच ओळ जागेवर ठेवून तुम्ही सांगाल तेवढेच रकाने बदलतात. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरत असाल तर तिथे 'ऑन कॉन्फ्लिक्ट' आहे, ९.५ या आवृत्तीपासून. 'इन्सर्ट इग्नोर' हेही कुणीतरी सुचवेल. ते डुप्लिकेट ओळ वगळतं, पण चुकीच्या तारखा आणि रिकाम्या किंमती नुसती वॉर्निंग देऊन आत सोडतं, त्यामुळे पैशांच्या टेबलात मी ते वापरत नाही.

आमच्या भागातल्या जुन्या विणकर कामगारांची नावं आम्ही मराठीत आणि तेलुगूत भरतोय. काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. (एक वाचक, भवानी पेठ)

फार चांगलं काम हाती घेतलंय तुम्ही. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत राहिलंच पाहिजे, म्हणून एंट्री आजच्या आज थांबवा.

देवनागरी आणि तेलुगूचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. तुमचा नावाचा रकाना जुन्या 'लॅटिन१' या अक्षरसंचात असेल, तर त्यात या चिन्हांना जागाच नाही, आणि डेटाबेस प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहून ठेवतो. 'मल्लय्या' लिहिलं तर म, ल, हलन्त, ल, य, हलन्त, य, काना अशी आठ प्रश्नचिन्हं. त्यांतून नाव परत मिळत नाही. मूळ कागद काढून ती नावं पुन्हाच भरावी लागतील. पण काही ठिकाणी प्रश्नचिन्हांऐवजी युरोपी अक्षरांची गिचमिड दिसत असेल, ए वर तिरपी रेघ असलेली, तर त्या ओळींना हात लावू नका. तिथे बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या नावाने वाचले जाताहेत. ती नावं वाचवता येतात.

टेबल आणि प्रोग्रॅमचं कनेक्शन, दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा. दोनांपैकी एकच केलंत तर त्रास चालूच राहील. आणि एसक्यूएल मोड 'स्ट्रिक्ट' ठेवा, म्हणजे न मावणारं अक्षर आलं की प्रश्नचिन्ह लिहिण्याऐवजी डेटाबेस एंट्रीच नाकारेल.

ताई, मी डिप्लोमाला आहे. प्रोजेक्टसाठी सांगोल्याच्या डाळिंबाच्या भावांच्या १२,००० ओळी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये टाकतेय. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तीन मिनिटांहून जास्त लागतात. सर म्हणतात कॉम्प्युटर बदल. (एक विद्यार्थिनी, सांगोला)

कॉम्प्युटर बदलू नकोस. तू प्रत्येक ओळ स्वतंत्र घालतेस, म्हणजे प्रत्येक ओळ ही एक पूर्ण ट्रान्झॅक्शन होते. ती डिस्कवर पक्की लिहिली गेली याची खात्री झाल्याशिवाय एसक्यूलाइट पुढे जात नाही, आणि त्यासाठी फिरत्या हार्ड डिस्कला साधारण दोन फेरे लागतात. ७,२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० ओळी. १२,००० ला ६० ने भाग: २०० सेकंद. तुझी तीनहून जास्त मिनिटं म्हणजे हीच तीन मिनिटं वीस सेकंद.

सुरुवातीला 'बिगिन' आणि सगळ्या ओळी झाल्यावर 'कमिट' लिही. मग १२,००० ओळींसाठी ही खात्री एकदाच करावी लागेल आणि काम काही क्षणांत होईल. किंमती आज्ञेच्या मजकुरात जोडून लिहू नकोस. प्रश्नचिन्हाची जागा ठेवून प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर. गावाच्या किंवा आडत्याच्या नावात एखादं अवतरणचिन्ह आलं तरी अडणार नाही, आणि कुणी मुद्दाम खोडसाळ मजकूर दिला तरी तो आज्ञा म्हणून चालणार नाही. तारीख २०२४-०१-१५ अशीच ठेव, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही, आणि दिवस आधी लिहिलास तर भावांचा क्रम लावताना जानेवारीची पंधरा तारीख फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला चिकटून बसेल.